शेक ते नेम : टाटा स्मारक रुग्णालयाची वाटचाल, रायपूरच्या वाटेवरून

रायपुरात रिक्षावाल्याला आंबेडकर रुग्णालय सांगितले, तर तो क्षणभर थबकतो. ‘मेकाहारा’ म्हटले की लगेच गाडी सुरू करतो. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर या शब्दांच्या तुकड्यांतून जुळलेले हे नाव गावाच्या तोंडी पक्के बसले आहे. तिथल्या क्षेत्रीय कर्करोग केंद्राबाहेर बाकांवर बसलेली माणसे एकमेकांना विचारतात, “सिकाई कितनी हुई?” महाराष्ट्रातल्या कुठल्याही रेडिएशन विभागाबाहेर हाच प्रश्न मराठीत ऐकू येतो : “शेक किती झाले?”

शेक म्हटले की दुखऱ्या गुडघ्यावर तव्यावर तापवलेली वाळूची पुरचुंडी आठवते. रेडिएशनमध्ये असली ऊब नसते. टेबलावर पडलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. तरीही शब्द टिकला, आणि मेंदूत एकाहून अधिक गाठी असलेल्या रुग्णांच्या बाबतीत तो कितीतरी वर्षे खराही होता. गाठी कुठे आहेत ते नेमके दिसत नसे, म्हणून सगळे डोकेच शेकले जाई. आज त्याच रुग्णाच्या मेंदूतल्या पाच-सात गाठींवर वेगवेगळा नेम धरता येतो आणि मधला निरोगी मेंदू बराचसा वाचवता येतो.

शेकाकडून नेमाकडे येण्याची ही वाटचाल या देशात ज्या थोड्या संस्थांनी घडवली, त्यांत परळचे टाटा स्मारक रुग्णालय अग्रभागी आहे. तिची हकीकत रायपूरहून सांगण्याचे कारण असे, की संस्थेची उंची तिच्या दारापासून मोजली तर अर्धीच कळते. ती हजार-अकराशे किलोमीटरवरून कशी दिसते, तेही पाहावे लागते.

‘टाटाला नेलंय’

रायपूर आणि मराठी मुलूख यांचा संबंध जुना आहे. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. रायपुरातला तात्यापारा हा भाग आजही त्या काळाची खूण सांगतो आणि चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ इथल्या मराठी कुटुंबांना बांधून ठेवते. पुढे मध्य प्रांत झाला, १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण मोठ्या आजाराची वाट कितीतरी वर्षे एकच राहिली : हावडा-मुंबई लोहमार्ग धरून पश्चिमेला.

“त्यांना टाटाला नेलंय,” एवढे वाक्य कानावर पडले की ऐकणारा पुढे काही विचारत नसे. आजाराचे नाव उच्चारावे लागत नसे, रुग्णालयाच्या नावातच ते आले. गीतांजली एक्स्प्रेस किंवा मुंबई मेलचे तिकीट, वीस तासांच्या आसपास प्रवास, सोबत एक्स-रेचे मोठे पाकीट, एका पिशवीत चिवडा आणि दशम्या. मुंबईत उतरल्यावर पहिला प्रश्न उपचारांचा नसे, राहायचे कुठे हा असे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीने अशा हजारो कुटुंबांना डोक्यावर छप्पर दिले. तिथे जागा न मिळालेल्यांनी रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर पथारी टाकली. टाटाच्या कुठल्याही इतिहासात हा फुटपाथ यायलाच हवा, कारण पुढे दिसेल तसे उपचारांची निवडही काही प्रमाणात त्यानेच ठरवली.

१९४१ : सात मजले, ८० खाटा

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. पत्नीला परदेशात जे उपचार मिळाले तसे आपल्या देशातल्या माणसाला इथेच मिळावेत, ही सर दोराबजी टाटांची इच्छा होती. ती पुरी होण्याआधी, १९३२ मध्ये, तेही गेले. पण त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने काम सोडले नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, जग दुसऱ्या महायुद्धात होरपळत असताना, मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळच्या सात मजली इमारतीचे उद्घाटन झाले. खाटा ८०, पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ५ लाख रुपयांचे.

सुरुवातीच्या माणसांत एक नाव मराठी वाचकाने विसरू नये : डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. टाटाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे नेमके रूप ओळखण्याची शिस्त त्यांनी घातली आणि १९५२ मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुराही सांभाळली. शल्यचिकित्सेत डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव एवढे मोठे झाले, की रुग्णालयासमोरचा रस्ताच त्यांच्या नावाने ओळखला जातो.

किरणोपचारांचे हत्यार मात्र तेव्हा बोथट होते. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांची शक्ती इतकी कमी, की किरणांचा जोर कातडीवरच खर्च होई आणि खोलवरच्या गाठीपर्यंत थोडासाच पोचे. कातडी काळी पडे, सोलवटे. ‘शेक’ शब्दाला अर्थ चिकटला तो कदाचित याच भाजण्यातून.

अणुशक्तीच्या अंगणात

१९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुशक्तीवाल्यांकडे का, असा प्रश्न आजही पडतो. त्याचे उत्तर डॉ. होमी भाभांच्या दूरदृष्टीत आहे. कर्करोगावरच्या तीन मोठ्या उपचारांपैकी एक किरणांचा. त्याला भौतिकशास्त्रज्ञ लागतात, किरणांची मोजमापे लागतात, किरणोत्सारी कोबाल्ट लागते आणि सुरक्षेचे कडक नियम लागतात. हे सगळे ज्या घरात आहे, त्या घराशी रुग्णालयाची भिंत जोडून घेणे शहाणपणाचे होते. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले.

कोबाल्ट-६० ने चित्र बदलले. त्याचे किरण खोलवर जात, कातडी वाचे. देशातल्याच अणुभट्ट्यांत कोबाल्ट तयार होऊ लागले. ५.२७ वर्षांत त्याची तीव्रता निम्मी होते, म्हणजे ठरावीक काळाने स्रोत बदलावाच लागतो. तो देशात मिळणे ही फार मोठी सोय होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे ‘भाभाट्रॉन’ हे संपूर्ण देशी कोबाल्ट यंत्र बनवले आणि पहिला भाभाट्रॉन नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्याच ‘अ‍ॅक्ट्रेक’ या परिसरात बसला. या काळात केंद्राच्या संचालकपदी होत्या डॉ. केतायुन दिनशॉ, स्वतः किरणोपचारतज्ज्ञ. यंत्र घेताना ते गरीब देशाला परवडेल का, लहान गावात चालेल का, हा प्रश्न त्यांच्या पिढीने सतत समोर ठेवला.

अंधारातला शेक

आता मेंदूकडे येऊ. मेंदूत अनेक गाठी दिसतात तेव्हा बहुतेकदा मूळ आजार दुसरीकडे असतो, फुप्फुसात, स्तनात, मूत्रपिंडात. तिथल्या पेशी रक्तातून वाहत येतात आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून रुजतात. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, उलटी, अचानक फिट, हातातली पेन्सिल निसटणे अशा खुणांनी त्या प्रकट होतात.

१९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्याआधी कवटीच्या आत डोकावण्याचे सरळ साधन नव्हते. एक गाठ आहे की सहा, हे खात्रीने सांगता येत नसे. मग दोन्ही बाजूंनी किरण सोडून अख्खा मेंदू शेकणे हाच मार्ग. त्याचे गणित पुढे जगभर रूढ झाले : दररोज ३ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक), असे १० दिवस, एकूण ३० ग्रे. शनिवार-रविवार सुट्टी धरून दोन आठवड्यांत उपचार संपतात. साधे यंत्रही हे काम करते. डोकेदुखी कमी होते, काही काळ आराम पडतो.

पण निरोगी मेंदूलाही तेवढाच मारा बसतो. केस जातात, थकवा येतो. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नंतर कळते : माणूस नाव विसरतो, नुकतेच बोललेले विसरतो, हिशेबात चुकतो. आयुष्य चार-सहा महिन्यांचेच उरले होते तेव्हा हे नुकसान दिसायला वेळच नसे. आज फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर नेमक्या जनुकीय बदलाला धरणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत आणि त्यांतल्या काही मेंदूपर्यंतही पोचतात. माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. जगणारा माणूस आपल्या नातवाचे नाव विसरू नये, ही अपेक्षा त्यानंतर साहजिकच पुढे आली.

नेम धरायला शिकणे

स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये एक कल्पना मांडली : बारीक बारीक किरण अनेक दिशांनी एकाच बिंदूवर आणायचे. प्रत्येक किरण दुबळा, पण जिथे सगळे मिळतात तिथे सुरीसारखी धार. १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिला ‘गॅमा नाइफ’ सुरू झाला. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. बसंतकुमार मिश्रा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये तो आला. नेम हलू नये म्हणून रुग्णाच्या कवटीला चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवावी लागे. त्या दिवशी चौकट, त्याच दिवशी स्कॅन, त्याच दिवशी उपचार.

त्याच शहरात टाटाने वेगळा प्रश्न हाती घेतला. नेमके उपचार दिसायला सुरेख आहेत, पण जास्त श्रम आणि जास्त पैसे घालून रुग्णाच्या पदरात खरोखर काही पडते का? डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २००१ पासून मार्च २०१२ पर्यंत ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांना अभ्यासात घेतले. या मुलांच्या गाठी सौम्य किंवा संथ वाढणाऱ्या होत्या. चिठ्ठी पद्धतीने निम्म्याच्या आसपास मुलांना जुन्या रीतीने आणि उरलेल्यांना नेमक्या, त्रिमितीय आखणीच्या रीतीने किरण दिले. मात्रा दोघांनाही सारखीच, ५४ ग्रे, सहा आठवड्यांत ३० वेळा. मग पाच वर्षे त्यांची बुद्धी, स्मरण आणि संप्रेरके तपासत राहिले.

२०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठ आटोक्यात राहण्यात आणि जगण्यात फरक नव्हता, पण नेमके उपचार मिळालेल्या मुलांची बुद्धी जास्त चांगली टिकली. संप्रेरकांचा नवा बिघाड जुन्या रीतीत ५१ टक्क्यांना झाला होता, तो नव्या रीतीत ३१ टक्क्यांवर आला. शाळकरी मुलांना पाच-पाच वर्षे पुन्हा परळला बोलावून चाचण्या घेणे काय असते, हे ज्याने ते दादरचे फलाट पाहिले आहेत त्याला कळेल. निरोगी मेंदूचा प्रत्येक वाचवलेला घनमिलिमीटर माणसाच्या आयुष्यात मोजता येतो, याचा भक्कम पुरावा या देशाने, आपल्याच मुलांच्या साथीने, जगाला दिला.

चित्र पाहून मारलेला बाण

अनेक गाठींवर नेम धरायचा तर एक गणित समजून घ्यावे लागते. १० मिलिमीटर व्यासाची गोल गाठ घ्या, साधारण वाटाण्याएवढी. तिचे घनफळ ५२४ घनमिलिमीटर भरते. नेम चुकेल या भीतीने चारी बाजूंनी १ मिलिमीटर जास्त जागा धरली, तर ते ९०५ होते. २ मिलिमीटर धरली, तर १,४३७. म्हणजे दोन मिलिमीटरची भीती पावणेतीनपट जागा जाळते. गाठी सात असतील तर हे नुकसान सात ठिकाणी.

ती भीती घालवण्याचे साधन म्हणजे उपचाराच्या टेबलावरच चित्र घेणे. आधी एमआरआयचे बारीक काप काढतात, एकेका मिलिमीटरचे. ते सीटीच्या चित्रावर जुळवतात. गरम पाण्यात मऊ झालेल्या प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवतात. पाच-दहा मिनिटांत तो थंड होऊन त्याच्या नाका-कपाळाचा आकार घेतो. कवटीत स्क्रू नाही, चौकट नाही. उपचाराच्या दिवशी लिनॅक हे किरण सोडणारे यंत्र रुग्णाभोवती एक फेरी मारून त्याच्या डोक्याचे ताजे चित्र काढते. ते आखणीच्या चित्रावर ठेवून पाहतात. अर्धा मिलिमीटर सरकले आहे का? मान किंचित वळली आहे का? टेबल सहाही प्रकारे हलते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि तिन्ही अक्षांभोवती किंचित कलून. जुळणी झाली की किरण सुरू.

सगळ्यांत कसोटी लागते ती वळण्याची. पूर्वी प्रत्येक गाठीसाठी वेगळा केंद्रबिंदू धरत, सहा-सात गाठींना टेबलावर तास-दोन तास जात. आता एकच केंद्रबिंदू ठेवून, किरणांच्या वाटेतल्या धातूच्या पातळ पट्ट्या सतत हलवत, सगळ्या गाठींवर एकाच बैठकीत नेम धरतात. काम अर्ध्या तासाच्या आत होऊ शकते. पण केंद्रापासून ६ सेंटिमीटर दूर असलेल्या गाठीसाठी डोके फक्त १ अंशाने वळले तरी नेम १ मिलिमीटरहून अधिक हुकतो. १० मिलिमीटरच्या गाठीला तेवढी चूक महाग पडते. म्हणून या उपचारात चित्र म्हणजे नुसती सोय नाही. धनुर्धाऱ्याला डोळा जेवढा, तेवढेच इथे ते चित्र.

आणि डोळाही रोज तपासावा लागतो. दिवसाचा पहिला रुग्ण येण्याआधी भौतिकशास्त्रज्ञ टेबलाच्या टोकाशी धातूची एक बारीक गोळी ठेवतात आणि यंत्र वेगवेगळ्या कोनांत फिरवून तिची छायाचित्रे घेतात. किरणांच्या वर्तुळात गोळीची सावली बरोबर मध्यभागी पडली पाहिजे. सावली सरकली तर त्या दिवशी उपचार थांबतात. मराठीत ‘नेम’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, लक्ष्यावरचा रोख आणि रोजचा न चुकवता पाळलेला परिपाठ. किरणोपचारांत पहिला अर्थ दुसऱ्यावर उभा आहे.

किती गाठी, किती धीर

यंत्र सात गाठींवर नेम धरू शकते, म्हणून तो धरावाच का? याचे उत्तर जगभरच्या अभ्यासांनी हळूहळू दिले. जपानमधल्या २३ रुग्णालयांनी १,१९४ रुग्णांचा पाठपुरावा करून २०१४ मध्ये दाखवले, की केवळ नेमके किरण दिले असता ५ ते १० गाठींचे रुग्ण आणि २ ते ४ गाठींचे रुग्ण सारखेच जगतात, मध्यक १०.८ महिने. गाठी जास्त म्हणून नेम सोडून द्यावा, या जुन्या समजुतीला इथे धक्का बसला.

अमेरिकेत २०१६ मध्ये १ ते ३ गाठींच्या २१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमक्या किरणांबरोबर अख्खा मेंदूही शेकला, तर तीन महिन्यांनी ९१.७ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घटली. फक्त नेमके किरण दिलेल्यांत ६३.५ टक्के. आयुष्य दोन्हींकडे सारखे.

गाठी खूपच असतील, पंधरा-वीस, किंवा बारीक ठिपक्यांसारख्या पसरल्या असतील, तर आजही संपूर्ण मेंदूचा शेक द्यावा लागतो. पण त्यालाही शहाणपण आले आहे. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना स्मरणाचे काम करणारा एक भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा, हिप्पोकॅम्पस. किरणांच्या वाटेतून तेवढा भाग वगळला तर बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी होतो, हे ५१८ रुग्णांच्या अभ्यासातून २०२० मध्ये पुढे आले.

आणि कधीकधी काही न करणे हेही उत्तर असते. प्रामुख्याने ब्रिटनमध्ये झालेल्या ५३८ फुप्फुस-कर्करोगींच्या अभ्यासात, शस्त्रक्रिया किंवा नेमके किरण शक्य नसलेल्या रुग्णांना संपूर्ण मेंदूच्या शेकाने जगण्यात किंवा जगण्याच्या दर्जात सांगण्यासारखा लाभ झाला नाही. सूज उतरवणारी औषधे आणि प्रेमाची शुश्रूषा एवढेच तिथे पुरे होते. चांगला विभाग तोच, ज्याला नेम धरताही येतो आणि धनुष्य खाली ठेवताही येते. आधी रुग्णाकडे, त्याच्या घरच्यांकडे, मूळ आजाराकडे नीट पाहावे लागते, यंत्र नंतर.

अंतराने ठरवलेले उपचार

इथे पुन्हा रायपूर आठवते. फक्त नेमके किरण द्यायचे ठरले, तर त्या निर्णयाला एक अट जोडलेली असते. दिसलेल्या गाठींवर उपचार झाले, पण न दिसलेली एखादी पेशी मेंदूत दुसरीकडे रुजू शकते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय लागतोच. नवी गाठ वाटाण्याएवढी असताना सापडली तर तिच्यावरही नेम धरता येतो. लिंबाएवढी झाल्यावर सापडली तर उशीर झालेला असतो.

आता विचार करा. रुग्ण बलौदाबाजारचा किंवा जगदलपूरचा, उपचार परळला. अकराशे किलोमीटरहून अधिक रेल्वेप्रवास, सोबत एक कमावता माणूस, धर्मशाळेची चिठ्ठी. तो दर तीन महिन्यांनी येईल, अशी खात्री कोणत्या डॉक्टराने द्यावी? अशा वेळी दोन आठवड्यांत संपणारा संपूर्ण मेंदूचा शेक हा विवेकी निर्णय ठरत असे, कारण रुग्ण पुन्हा दिसेलच याचा भरवसा नसे. वैद्यकशास्त्र एक सांगत होते आणि अंतर दुसरे. स्मरणशक्तीची किंमत जास्त करून दूरच्या माणसाने मोजली.

म्हणून टाटाच्या वाटचालीतली गेल्या दोन दशकांची दिशा मला सगळ्यांत मोलाची वाटते. संस्थेने एकीकडे खारघरचा परिसर उभारला, तिथे ११ मे २०२३ रोजी प्रोटॉन किरणांचे केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. दुसरीकडे तिने दारापासून दूर जायला सुरुवात केली. वाराणसीत २०१९ मध्ये तिच्या रुग्णालयांचे उद्घाटन झाले. गुवाहाटी, संगरूर, विशाखापट्टणम, मुझफ्फरपूर या गावांशीही तिचे नाव जोडले गेले. त्याआधी, २०१२ मध्ये, तिच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले. आज त्यात ३०० हून अधिक संस्था आहेत. उपचारांचे समान नियम, अवघड रुग्णांवर एकत्र चर्चा, औषधांची एकत्र खरेदी अशी त्याची कामे. परळचा अनुभव ट्रेनविना गावोगाव पोचावा, हा त्यामागचा विचार.

रायपूरही बदलत गेले. १९६३ मध्ये इथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याच्याच आवारात मेकाहाराचे कर्करोग केंद्र वाढले. २०१२ मध्ये टाटीबंधला एम्स सुरू झाले. २०१८ मध्ये नवा रायपूरमध्ये वेदांता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचे १७० खाटांचे बाल्को मेडिकल सेंटर उघडले. वाटेवर नागपूरलाही राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयाच्या जोडीला जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली. चित्र पाहून दिलेले किरणोपचार आता रायपूर सोडून न जाता मिळतात. ज्या माणसाला एकेकाळी वीस तास गाडीत बसावे लागे, तो आज रिक्षाने जाऊन संध्याकाळी घरच्या ताटावर बसू शकतो.

हे सगळ्यांना साधले आहे असे मात्र नाही. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर, आणि सुकमा त्याच्याही पलीकडे. बस्तरच्या माणसासाठी आज रायपूर हेच परळ आहे. धर्मशाळेचा प्रश्न दादरहून इथे सरकला. लिनॅक विकत घेणे पैशाने होते, पण तो रोज तपासणारा भौतिकशास्त्रज्ञ, मुखवटा नीट बसवणारा तंत्रज्ञ आणि एमआरआयच्या शेकडो कापांत तीन मिलिमीटरचा ठिपका शोधणारा डोळा घडायला वर्षे लागतात. टाटाने देशाला दिलेली सर्वांत मोठी देणगी मला यंत्रांपेक्षा या माणसांत दिसते. तिथे शिकून गेलेले डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ देशभर पसरले आणि आपल्याबरोबर सकाळच्या त्या धातूच्या गोळीचा परिपाठही घेऊन गेले.

तिसरा नेम

रुग्णाचाही एक नेम असतो, आणि तो सर्वांत अवघड. उपचार संपले, डोकेदुखी गेली, माणूस पुन्हा दुकानात बसू लागला, की स्कॅनला जायला मन घेत नाही. काहीतरी निघालेच तर, ही भीती पाय धरते. खर्चही असतोच. अशा वेळी घरातल्या कुणीतरी तारीख लक्षात ठेवावी लागते. पंढरीची वारी पाऊस आहे की ऊन हे पाहून ठरत नाही, आषाढ आला की निघायचे असते. तपासणीची वारी तशीच करावी लागते. तिचे अंतर आवाक्यात आणून देणे हे संस्थांचे काम, आणि ती न चुकवणे हे घरादाराचे.

मेकाहाराच्या बाकावर उद्याही कुणीतरी शेजाऱ्याला विचारील, “सिकाई कितनी हुई?” शब्द राहू द्यावा, त्यात एकमेकांच्या दुःखाची ऊब आहे. तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात कालनिर्णय भिंतीवर लटकलेले असेल. चतुर्थी आणि एकादशी त्यावर छापलेल्याच असतात. त्यांच्याच खाली, तीन महिन्यांनंतरच्या एका चौकोनात, सुनेने पेनाने एक गोल करून ठेवावा आणि आत फक्त दोन शब्द लिहावेत : ‘बाबांचा एमआरआय’. परळहून निघालेला नेम त्या घरापर्यंत पोचला, असे मी त्या दिवशी म्हणेन.